नात्याचा रकाना

"ए, वर ये आता… ताट वाढलंय…"

तिसऱ्या मजल्यावरून आवाज खाली यायचा. 'ए' आखूड, दारावर टकटक केल्यासारखा. 'वर ये' जिन्यासारखं चढत जायचं, आणि 'वाढलंय' लांबत लांबत अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये कुठेतरी अडकून राहायचं. आईला जाऊन सतरा वर्षं झाली. तिचा चेहरा आठवायला आता त्याला फोटो लागायचा, पण हा आवाज तो आजही कागदावर काढून दाखवू शकला असता, कुठे चढला, कुठे मोडला, सगळं. त्याचं कामच ते होतं. कानाच्या दवाखान्यात काचेची एक छोटी खिडकी असलेली बंद खोली होती. तिच्यात लोकांना बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे आणि ऐकू आलं की बोट वर करा म्हणायचं. बावीस वर्षं तो लोकांची बोटं बघत होता. माणसाच्या कानातून आधी बारीक आवाज जातात: पाखरं, घड्याळाची टिकटिक, स, श, फ. मग लहान मुलं जातात. दारं, गाड्या, ढग शेवटपर्यंत राहतात. हे सगळं त्याला पाठ होतं, आणि तरी लहानपणी आईच्या त्या हाकेला त्यानं कधी ओ दिली नव्हती. ऐकू यायचं. तो तळमजल्यावर मित्राच्या घरी, मित्राच्या भावानं आणलेल्या कॉम्प्युटरच्या हिरव्या अक्षरांपुढे बसलेला असायचा. तिसऱ्या हाकेनंतर उठून मुकाट वर जायचा. आई रागवायची नाही. एवढंच म्हणायची, "येऊ नकोस लगेच, पण ओ तरी देत जा रे. ओ ऐकली की हाक मारणाऱ्याचा जीव खाली बसतो." आणि मग वाढता वाढता आपणच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायची:

पाऊल वाजे दारी, कोणाचं ते न कळे
आईच्या हातातलं काम अर्ध्यावर गळे.

म्हणून मंगळवारी दुपारी फोनवर ती बाई "अरे, ओ तरी दे रे" म्हणाली तेव्हा सूर सोडायच्या बटणाकडे गेलेलं त्याचं बोट अर्ध्यावरच राहिलं. काचेपलीकडे एक म्हातारे गृहस्थ बोट तयार ठेवून सुराची वाट बघत होते. फोन अनोळखी नंबरचा होता. बाईचा आवाज सत्तरीपुढचा, जरा जास्तच मोठा. स्वतःला ऐकू येत नाही अशी माणसं बोलतात तसा. ती आधी दोनदा 'हॅलो' म्हणाली होती आणि तो सवयीनं गप्प राहिला होता. "पैसे मिळाले रे," ती म्हणाली. "खालच्या टायपिंगवाल्यानं वाचून दाखवलं. तूच पाठवलेस ना?" 

"हो," तो म्हणाला. पैसे त्यानंच पाठवले होते.

पलीकडे एखादं भांडं हळूच जमिनीवर ठेवावं तसा आवाज आला आणि ती म्हणाली, "सव्वीस वर्षं, बाळा. सव्वीस वर्षं." आणि फोन बंद झाला. काचेपलीकडच्या आजोबांनी ऐकू न आलेल्या सुरासाठी बोट वर केलं.

पैसे शनिवारी गेले होते, कासवासाठी. कासव हे त्या मशीनचं लाडाचं नाव. जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांच्या गटात सगळे तेच म्हणायचे. तपकिरी पाठ, पाठीतच कीबोर्ड, मागे टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडायची दोन भोकं. कंपनी अकरा महिन्यांत बुडाली, तेवढ्यात निघाली ती काहीशे मशीनं. त्यातली बरीचशी भंगारात वितळली. मित्राच्या भावाकडे होतं ते कासवच होतं, आणि त्याला त्याच्या बटणांना हात लावायची परवानगी कधीच मिळाली नव्हती. नऊ वर्षं तो लिलावाच्या साइटवर ते शोधत होता. सापडलं तेव्हा वर्णन एका ओळीचं होतं: 'मुलाचं आहे, चालू करून बघितलेलं नाही, पैसे शक्यतो नात्यातून पाठवावेत.' लिलाव संपायला दहा सेकंद असताना त्यानं शेवटची बोली लावली. दीड पगारात कासव त्याचं झालं. मग पैसे पाठवायचं पान उघडलं. पैसे कशासाठी? एक: वस्तूची किंमत. ह्यात फी कापली जाणार, म्हणजे दोन दिवसांचा पगार, पण वस्तू आली नाही तर पैसे परत. दोन: घरच्या माणसाला. फी नाही, हमीही नाही. गटात सगळे दुसऱ्यावरच बोट ठेवायचे. विकणारेही तेच मागायचे. एका जाडजूड सभासदाला तर ह्या हिशेबानं चौदा आत्या होत्या आणि तो त्यावर विनोद करायचा: "राखीव खेळाडूंसकट अकराची टीम निघते." त्यानं दुसऱ्यावर बोट ठेवलं. खाली रकाना आला: नातं. यादी उघडली: आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. 'इतर' निवडलं की कारण लिहावं लागायचं. खातं एका बाईच्या नावावर होतं. यादीत पहिली आई होती. त्यानं आई दाबलं, आणि दोन दिवसांचा पगार वाचला.

तिकडे पावती गेली: 'तुमच्या मुलाकडून पैसे आले आहेत.' पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याचं गटातलं टोपणनाव होतं, जुनंबटण, आणि खाली फोन नंबर. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेलेला पोरगा नाव लपवणारच, असं टायपिंगवाल्यानं तिला समजावलं होतं. हे त्याला दुसऱ्या फोनमधून कळलं. दुसरा फोन बुधवारी आला, तिसरा शुक्रवारी. वेळ दुपारचीच, टायपिंगवाल्याचं दुकान निवांत असताना. ती फार काही विचारायची नाही. "जेवलास?" विचारायची. "खोकला अजून होतो का रे पाणी बदललं की?" विचारायची. तो 'हं' म्हणायचा. तिच्या उत्तरांवरून, किंवा तिनं चुकवलेल्या उत्तरांवरून, तिच्या कानांचा आलेख त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उतरायचा: डावा बराच गेलेला, उजव्यात वरचे सूर नाहीत. अशा कानाला फोनवरचा कुठलाही पुरुष सारखाच. तिच्या कानात त्याचा आवाज पोचतच नव्हता, नुसती एक जाडसर घरघर पोचत होती, आणि त्या घरघरीवर ती आपल्या पोराचा आवाज चढवत होती, उघड्या अंगावर सदरा चढवावा तसा.

सांगायला हवं होतं. पहिल्याच फोनवर. पण पहिल्या दोन दिवसांत त्याला भीती वाटत होती ती निराळीच, आणि ती आठवली की तो एकटा असतानाही मान खाली घालायचा. ती भीती अशी होती की सांगितलं तर बाई टायपिंगवाल्याला सांगेल, टायपिंगवाला साइटला कळवेल, खोटं नातं लिहून फी चुकवली म्हणून आपलं खातं बंद होईल आणि कासव दुसऱ्या कोणाकडे जाईल. दुसरी भीती नंतर आली आणि आली ती ठाण मांडूनच बसली. दवाखान्यात तो एकच सूर दोनदा सोडू लागला. फोन थरथरला की तो उठून बाहेर जायचा; थरथरला नाही की पुन्हा पुन्हा काढून बघायचा, ती आजारी तर नसेल? रस्त्यानं जाताना खिडकीत बसलेली कुठलीही म्हातारी त्याला आपल्याकडेच बघतेय असं वाटायचं. एकदा आरशात दाढी करताना त्याला वाटलं, हा चेहरा सव्वीस वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा असलेल्या कोणाचाही असू शकतो. हिशेब बरोबर जुळत होता. तो स्वतः पंचेचाळीसचा होता. ब्लेड गालावर तसंच राहिलं. आणि सगळ्यात घाण भीती ह्याची, की शुक्रवारच्या फोनआधी तो घड्याळ बघत होता. तिच्या 'जेवलास?'ला 'हं' म्हणताना छातीत काहीतरी ऊबदार हललं होतं. सतरा वर्षांत कोणी तसं विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी ती म्हणाली, "मशीन मी पाठवत नाही. कुरियरवाले आपटतात. तुझी वस्तू आहे, तू येऊन ने. रविवारी ये. आणि लग्न केलं असशील तर तिलाही आण, मी काही बोलणार नाही."

"कोण म्हणतं लग्न केलं असशील तर?" बायकोनं मागून विचारलं. त्या दिवशी त्याला सुट्टी होती आणि फोनवरचा तो मोठा आवाज अख्ख्या खोलीभर सांडला होता. बायको एका शाळेची ग्रंथपाल होती. कुजबूज कुठून आली ते तिला न बघता कळायचं. आडवळण घेत, मध्ये पाणी पीत त्यानं सांगितलं. आधी ती हसली. "अहो, मला एक सासू पुरली नव्हती का? दुसरी ऑनलाइन मागवलीत? तीही फी न भरता?" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं विचारलं, "तिला कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं."

"म्हणजे आज सांगणार होतात."

बायकोचं हसू कोणी दिवा मालवावा तसं गेलं. "आज सोमवार. गेल्या मंगळवारपासून ती बाई… अहो, ती पोराची गादी उन्हात घालत असेल."

"फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, अगं. शब्द कळत नाहीत. अर्धवट काहीतरी कळलं तर—"

"तुम्हाला सबबीसुद्धा तुमच्या धंद्यातल्याच सापडतात." ती उठली, कपडे घडी करायला लागली, एका सदऱ्याची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. "जा रविवारी. मी येणार नाही, मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही. पण मशीनला हात लावायच्या आधी सांगायचं. मशीन काखेत मारल्यावर सांगितलंत तर ती चोरी. आणि न सांगता आणलंत तर ते ह्या घरात येणार नाही, एवढं लक्षात ठेवा. बाकीचं भंगार मी सहन केलं, ते नुसतं भंगार होतं."

रविवारी बसला तीन तास लागले. तीन तास तो एकच वाक्य घडवत होता. 'एक गैरसमज झालाय' हे त्यानं पहिल्याच थांब्याला टाकून दिलं. गैरसमज आपोआप होतो, हा तर केला होता. 'मी एक ग्राहक' हे दुसऱ्या थांब्याला टाकलं. खिडकीबाहेर गोदामं गेली, पत्र्याच्या शाळा गेल्या, एका मैदानात एकटी म्हैस उभी होती, तिला काहीही सांगायचं नव्हतं. त्याला तिचा हेवा वाटला. वाक्य आखूड करत करत तो शेवटी चार शब्दांवर आला. उतरावं आणि समोरच्या बसनं परत जावं. कासव नको, काही नको, फोनचा नंबर बदलून टाकावा. मग ती दुपारी दोन वाजता टायपिंगवाल्याला म्हणेल, पुन्हा लाव बरं. पुन्हा लाव. पुन्हा एकदा दारातून जाईल तिचा पोरगा, ह्या वेळी तर घरात पाऊलही न ठेवता.

इमारतीच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं यंत्र धापा टाकत होतं. त्यामागून एक टक्कल पडलेला माणूस घाईघाईनं बाहेर आला आणि त्यानं त्याचे दोन्ही हात धरले. "आलात! मी म्हटलंच होतं मावशींना. त्या मशीन विकायला तयार नव्हत्या, बरं का. मी म्हटलं, मावशी, धूळ पुसून पोरगा सापडत नाही, मशीन विकायला काढा, बघून येईल!" स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. मग जवळ सरकला. "रागावू नका, लहान तोंडी मोठा घास. पण एक पत्र टाकून गप्प बसलात तुम्ही. वडील गेले, तेव्हा खांदा आम्ही दिला. असो. सकाळपासून तीनदा खाली येऊन गेल्या, बस वेळेवर आहे का विचारायला. मोठ्यानं बोला, एवढ्यात ऐकायला कमी येतं."

"मला थोडं तुमच्याशी—" तो म्हणाला. टायपिंगवाल्याला सांगावं, टायपिंगवाला तिला सांगेल. क्षणभर ही वाट त्याच्यापुढे सरळ, गार, सावलीची उघडली.

"माझ्याशी काय बोलता? जा वर!" त्या माणसानं त्याला जवळजवळ ढकललंच. 

जिन्याला सोळा पायऱ्या होत्या आणि मग वळण आणि मग पुन्हा सोळा. वळणावर तो थांबला. हात इतके गार होते की कठडा ऊबदार लागला. एक भीती होती, ती बघताक्षणी ओळखेल, की हा नव्हे. दुसरी होती, ती ओळखणार नाही. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत त्या दोघी त्याच्या दोन्ही बाजूंनी चढत आल्या, सोयरिकीला आलेल्या बायकांसारख्या. दार उघडंच होतं. ती दारात उभी होती, बुटकी, धुतलेल्या पातळाचा साबणाचा वास, चष्म्याची एक काच जाड. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. किती वेळ, त्याला सांगता आलं नसतं. बंद खोलीतल्या माणसासारखा तो काहीतरी ऐकू यायची वाट बघत राहिला.

"उंची थांबली होय तुझी," ती म्हणाली, आणि आत वळली. "ये. चप्पल आतच काढ, बाहेर ठेवली की उचलतात."

खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकीखाली टेबल. टेबलावर कासव. नऊ वर्षं फोटोत बघितलेलं ते आता हाताच्या अंतरावर होतं, तपकिरी, पाठ पुसून चकाकवलेली, बटणांच्या फटीसुद्धा कोणी काडीला कापूस लावून साफ केलेल्या. एका बटणावरचं अक्षर पार झिजलेलं होतं. एकाच बोटानं हजारदा दाबलेलं. त्याचा हात आपोआप पुढे झाला आणि त्यानं तो खिशात घातला. भिंतीवर एका पोराचा फोटो होता. पोराचे कान मोठे होते, त्याचे नव्हते. ती बघत होती की नाही? ज्याचा धंदा कानांचा त्याला ह्या घरात सगळ्यात आधी कानच दिसले, आणि जिनं ते कान न्हाऊ घातले तिला—? म्हणजे तिला कळलंय. म्हणजे तिला कळलेलं नाही. दोन्ही विचार एकाच श्वासात आले.

"बस," ती म्हणाली. स्वतः पलंगाच्या कडेला बसली, त्याच्याकडे पाठ येईल अशी, कपाटाकडे तोंड करून. "मला बोलून घेऊ दे. मग तू बोल, हवं तेवढं बोल. सव्वीस वर्षं मी हे टायपिंगवाल्यालासुद्धा सांगितलं नाही." 

तो म्हणाला, "आधी मी—" पण तिची पाठ होती, तिला ऐकू गेलं नाही.

"तुझ्या वडिलांनी मशीन ह्या कपाटात कोंडलं. नापास झालास म्हणून. तू मागितलंस, ते म्हणाले, किल्ली हरवली. तू माझ्याकडे आलास. आठवतं? मी पीठ मळत होते. तू विचारलंस, आई, किल्ली कुठेय. मी म्हटलं, मला काय माहीत." तिचा आवाज मोठाच होता, आपल्याला ऐकू येत नाही म्हणून मोठा, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द खोलीच्या भिंतींना लागून परत येत होता. "किल्ली माझ्याच उशीच्या खोळीत होती रे. त्यांनी नाही, मी लपवली होती. मला वाटलं, दोन दिवस मशीन दिसलं नाही तर माझ्याशी बोलशील. जेवताना तरी बोलशील. दिवस दिवस तुझा एक शब्द नसायचा घरात. हाक मारली तर ओ नाही. मला त्या मशीनचा इतका राग यायचा… तू तिसऱ्या दिवशी गेलास. वडिलांना शिव्या घालत गेलास. आणि ते मरेपर्यंत मी त्यांना म्हणू दिलं, माझ्यामुळे गेला पोरगा. म्हणू दिलं मी." 

पाठ हलत नव्हती. बाहेर झेरॉक्सचं यंत्र थांबलं होतं. "आता तू एवढंच म्हण, की जाऊ दे आई. म्हण, नाहीतर म्हणू नकोस. पण काहीतरी बोल."

तीन शब्द होते. जाऊ दे आई. तिच्या कानांना ते नीट ऐकूही गेले नसते, नुसती घरघर गेली असती, आणि ती पुरली असती. ते म्हणणं सोपं होतं, आणि दयेचंही दिसलं असतं. त्याच्या घशात ते तयारही झाले, कारण ते त्याचे स्वतःचेही होते, कोणाला तरी कधीतरी म्हणायचे राहून गेलेले. ओठ उघडले. आणि त्याला भीती वाटली, एवढ्या दिवसांतली सगळ्यात मोठी, तळ नसलेली. ही क्षमा दुसऱ्याची होती. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत मोठ्या कानांचा एक पंचेचाळीस वर्षांचा माणूस ती अजून बाळगून असेल, किंवा नसेल, पण होती ती त्याची. त्यानं ती इथे देऊन टाकली तर उद्या तो खरा दारात उभा राहिला तरी ह्या बाईला त्याच्याकडे मागायला काही उरणार नव्हतं. लिलावात दुसऱ्याची वस्तू उचलता येते. ही नाही.

तो उठला. पलंगाला वळसा घालून तिच्या आणि कपाटाच्या मध्ये जाऊन जमिनीवर बसला, गुडघे मोडून, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडाच्या पातळीला येईल. खिडकीचा उजेड आपल्या ओठांवर पडतोय ना, ते बघितलं. रोज तो लोकांच्या मुलांना, सुनांना हेच शिकवायचा: ओरडू नका, आवाज खाली आणा, तोंड उजेडात ठेवा, वाक्य छोटं करा, आणि त्यांना कळलंय हे दिसेपर्यंत पुढचं बोलू नका. तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं. जाड काचेमागचा डोळा मोठा, ओला, आणि आशेनं इतका उघडा होता की त्याला त्यात बघवेना. त्यानं बघितलं.

"मी तुमचा मुलगा नाही," तो म्हणाला. 

तिचे ओठ ते शब्द त्याच्यामागोमाग हलके हलले. तो थांबला. तिला कळलंय हे दिसेपर्यंत थांबला. मग उरलेलंही सांगितलं.

"फी वाचावी म्हणून मी आई लिहिलं. आणि तुमचा फोन आला तेव्हा, मशीन हातचं जाईल म्हणून, गप्प बसलो."